सर्व्हिसेसमधला पाहुणा

माझ्या बाबांना मोटार चालवता येत नव्हती. आयुष्यभर सायकल आणि मग एक लुना, एवढीच त्यांची वाहनं. पण टीव्हीवर कार रेस लागली की घरात कुणी शिंकायचीसुद्धा चोरी. रविवारी संध्याकाळी पाहुणे आले तर टीव्हीचा आवाज बंद करायचे, चहाचा कप पाहुण्यांच्या हातात द्यायचे आणि एक डोळा पडद्यावर ठेवायचे. आई म्हणायची, गोल गोल फिरतात आणि परत तिथंच येतात, त्यात बघायचं काय मेलं? बाबा तिला प्रत्येक वेळी समजावून सांगायचे आणि ती प्रत्येक वेळी तेच विचारायची.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे लंडनजवळ पिनरला आले. आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनसाठी दिलेला होता. तो हातात पडून मी पुण्याला पोचले तोवर दहावाही उरकला होता. या विषयावर बाबा माझ्याशी कधीच बोलले नाहीत, मीही काढला नाही. पण ते आल्यापासून माझा जीव सारखा टांगणीला. रात्री त्यांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मी श्वास ऐकायचे. नवरा म्हणायचा, अगं त्यांना झोपू दे, तूही झोप. त्याला म्हणायला काय जातंय?

त्यात ही संकष्टी. आईच्या आजारपणात बाबांनी धरली आणि ती गेल्यावरही सोडली नाही. देवानं ऐकलं नाही तरी आपण शब्द मोडायचा नाही, असा सगळा खाक्या. बरं, उपास म्हणजे खिचडी-बटाटा खाऊन केलेला नव्हे. दिवसभर बिनसाखरेचा चहा आणि पाणी, चंद्र उगवला की जेवण. पुण्यात हे ठीक होतं हो. इथं उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत लख्ख उजेड, आणि संकष्टीचा चंद्र त्याच्याही नंतर कधीतरी, तोही ढग असले तर दिसणार नाहीच. मी पहिल्याच महिन्यात तोडगा काढला होता. म्हटलं, बाबा, कॅलेंडर पुण्याचं, देव पुण्याचा, तर चंद्रही पुण्याचा धरा. तिकडे तो उगवतो तेव्हा इथं संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजलेले असतात, तेव्हा जेवून घ्या. बाबा म्हणाले, आपण जिथं असू तिथला चंद्र. मग मी ईलिंगच्या डॉक्टरीणबाईंना मध्ये घातलं. त्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्याच, नागपूरच्या. त्यांनी बाबांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं की ही डायबिटीसची नवी गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, साखर धाडकन खाली येईल. बाबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

रेसची तिकिटं आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं. पण नवऱ्याच्या ऑफिसमध्ये कुणीतरी सांगितलं की दोन रेसच्या मधल्या काळात टीम्स गाड्यांची टेस्टिंग करतात आणि त्या दिवशी सर्किटवर कुणालाही आत सोडतात. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणजे गाडी मी चालवणार. माझं लायसन्स नवंकोरं, मोटरवेवर एकटी कधी गेले नव्हते. आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी. मी म्हटलं, नको जाऊया. बाबांचा चेहरा असा पडला की मी मुकाट डबा भरायला घेतला. साबुदाणा वडे आणि राजगिऱ्याचे लाडू. खातील तर शपथ, पण डबा बरोबर असला की मला बरं वाटतं.

निघताना मी विचारलं, गोळी घेतली नाही ना? बाबा म्हणाले, नाही. आता नाही म्हणजे काय, तर निघताना नाही घेतली. सकाळी सहाला चहाबरोबर घेतली होती. रोजची घेतलेली गोळी एक दिवस कशी चुकवायची, हे त्यांचं गणित. ते मला नंतर कळलं.

सर्किटवर वारा असा की कान बधिर व्हावेत. बाबा माझ्या नवऱ्याचं जॅकेट घालून जाळीला चिकटून उभे होते. त्यांचा लाडका ड्रायव्हर गाडीत होता, तसं भोंग्यावरून सांगत होते. पण आम्हाला दिसलं काय, तर आवाज, मग काहीतरी रंगीत आणि एक हेल्मेट. बाबा म्हणाले, टीव्हीवर बरं दिसतं. पण खूश होते. दुपारनंतर निघालो तेव्हा ते फार बोलत नव्हते, मला वाटलं दमलेत. मोटरवेवर माझं सगळं लक्ष आरशांत. दोन्ही बाजूंनी लॉऱ्या आणि मध्ये आमची डबडी. थोड्या वेळानं बाबा कुठलासा रस्ता विचारायला लागले, पुण्यातला. मी बाजूला बघितलं. कपाळावर घाम टपटप, हात मांडीवर थरथरतोय.

पुढच्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेच्या कडेच्या दुकान-पार्किंगच्या थांब्याला, मी गाडी कशी घातली ते मला आजही आठवत नाही. बाबांच्या बाजूचं दार उघडलं, डब्यातला लाडू समोर धरला. त्यांनी तोंड फिरवलं. डबा त्यांच्या मांडीवर ठेवून म्हटलं, थांबा, ज्यूस आणते, ज्यूस तरी प्या. आणि दुकानाकडे पळाले.

दुकानात रांग अडलेली. टिलच्या, म्हणजे पैसे द्यायच्या गल्ल्याच्या, पुढे टोपी घातलेला एक माणूस पाण्याची बाटली घेऊन उभा आणि त्याच्याभोवती चार-पाच जण. कुणी फोटो काढतंय, कुणी पावतीच्या पाठीमागे सही मागतंय, टिलवरची मुलगीसुद्धा काम सोडून हसतेय. मला काय कळलं असेल? कुठलातरी पोरगा आणि त्याचे दोस्त रांग अडवून मजा मारतायत, एवढंच. डोक्यात अशी तिडीक गेली. मी ज्यूसची बाटली घेऊन थेट पुढे घुसले आणि त्या माणसाला म्हटलं, माझे वडील बाहेर गाडीत आजारी आहेत, तुमचं फोटोसेशन बाजूला जाऊन करा. सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. आमच्या इंग्रजांना रांग मोडलेली खपत नाही. पण तो माणूस चटकन बाजूला झाला आणि मुलीला म्हणाला, आधी यांचं घे. मी थँक्यूही म्हटलं नाही. नोट टाकली आणि पळाले.

बाबा सीटवर कलंडले होते. शर्ट ओलाचिंब. मी बाटली उघडून तोंडाशी धरली तर त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि हातानं बाटली ढकलली. मी रडकुंडीला आले. विनवलं, ओरडले, आईची शपथ घातली. ते फक्त एवढंच पुटपुटले की चंद्र झाला नाही. भर उन्हात चंद्र. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी म्हणून मोबाइल शोधायला लागले तर बोटं चालेनात. माझ्या मनात एकच, हे इथं, या पार्किंगमध्ये, माझ्यासमोर जाणार.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की तुमच्या किल्ल्या टिलवर राहिल्या. तोच टोपीवाला. मागे पाच-दहा हातांवर ते फोटोवाले. मी किल्ल्या घेतल्या, पण बाबा त्याच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांनी सीटला धरून सरळ बसायचा प्रयत्न केला आणि त्याचं पूर्ण नाव उच्चारलं, अगदी शाळेत हजेरी घ्यावी तसं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला आम्ही सकाळपासून जाळीतून शोधत होतो, तो.

आणि मग बाबांनी काय करावं? उठायला बघितलं. पाय साथ देईनात, तसा मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे केला. हात इतके कापत होते की झाकण खाली पडलं. म्हणाले, प्लीज टेक. होम मेड. दारात आलेला माणूस तसाच कसा जाईल? दार मोटारीचं असलं म्हणून काय झालं.

त्यानं एक लाडू उचलला. बाबांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भडाभडा सांगून टाकलं की यांना डायबिटीस आहे, सकाळपासून काही खाल्लं नाहीये, साखर उतरलीय आणि काही केल्या खात नाहीयेत. त्यानं मागच्या लोकांना हातानंच थांबवलं आणि दाराशी उकिडवा बसला. लाडू हातात तसाच धरून.

"आफ्टर यू, सर," तो म्हणाला.

बाबा म्हणाले, नो नो, यू आर गेस्ट. तो म्हणाला, मी एकटा खात नसतो, आपण बरोबर खाऊ. आणि खरंच थांबला. बाबा त्याच्याकडे बघतायत, त्याच्या हातातल्या लाडवाकडे बघतायत. आमच्या घरात पाहुण्याला असं ताटकळत ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दोन-चार क्षणांत मी किती देव आठवले ते मोजता येणार नाही. मग बाबांनी लाडू उचलला आणि खाल्ला. त्यानंही खाल्ला. त्याच्या टी-शर्टवर राजगिरा सांडला. मी लगेच बाटली पुढे केली, ती बाबा निमूटपणे प्याले.

तो उठला नाही. सर्किटवरून येताय का, थंडी फार होती ना, असं काहीबाही विचारत राहिला. बाबा म्हणाले, आम्हाला तुमचं फक्त हेल्मेट दिसलं. तो म्हणाला, माझी आईपण हेच म्हणते. बाबा हसले, आणि त्यांच्या तोंडावर रंग परत आलेला मला दिसला. तेव्हा कुठं मी चाकाला टेकून खालीच बसले. जाताना त्यानं आणखी एक लाडू मागून घेतला. सही मागायची आम्हा दोघांनाही आठवण झाली नाही.

घरापर्यंत मी तोंड सोडलं होतं. गोळीचं खरं तेव्हाच कळलं, मग काय विचारता. पिनरला पोचून दार उघडतोय तर पुण्याहून काकांचा फोन. बाबांनी सर्किटचा आवाज सांगितला, वारा सांगितला, मुलीनं केवढी गाडी चालवली ते सांगितलं. भेटीबद्दल अक्षर नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अहो, सांगितलं का नाहीत? आयुष्यभर ज्याला बघत आलात तो माणूस तुमच्याबरोबर लाडू खाऊन गेला.

बाबा म्हणाले, "सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल."

मला वाटलं, मोडलेल्या उपासाचं म्हणतायत. म्हटलं, देवाला कळतं हो बाबा. ते म्हणाले, उपासाचं नाही. मग खिडकीकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात बोलले. तू बाटली धरलीस तेव्हा मला सगळं कळत होतं. वाटलं, राहू दे. तुझी आई गेली तेव्हा तू जवळ नव्हतीस, ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. मी निदान तुझ्यासमोर जातोय, तर जाऊ दे.

मला काय झालं ते सांगता येत नाही. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, पायांपासून डोक्यापर्यंत. तिथं मी याचना करत होते आणि हे माझ्या डोळ्यांदेखत मरायचं ठरवून बसले होते. मी विचारलं, मग खाल्लंत कशाला?

"पाहुणा थांबला होता ना," ते म्हणाले. "त्याला ताटकळत ठेवून कसं जाणार?"

"आणि मी? मी नव्हते थांबलेले?"

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"तू घरचीच ना गं," ते म्हणाले.