देवरीहून अंतराळात, दर रविवारी

तो गुरुवार होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझा चहा नुकताच आला होता. बाहेर शिपाई सायकलच्या चेनला तेल देत होता. फोन वाजला. राजकुमारचा होता.

"जय भीम सर. मॅडमले घेऊन दवाखान्यात आलो. तुमी या. हळू या."

राजकुमार देवरी-चिचगड रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. सुनंदा, माझी बायको, रोज त्याच्याच जीपने शाळेत जायची. इतक्या वर्षांत त्याने कुणाला 'हळू' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या एका शब्दावरून मला कळलं.

नंतर घरी माणसं येत राहिली. दाराशी चपला साचाव्यात तसे किस्से साचत गेले. विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक बोलले, सहकारी बोलले. गणित-विज्ञानाच्या आदर्श शिक्षिका, कर्तव्यदक्ष वगैरे. सगळं खरंच होतं. पण मागे, चहाच्या पातेल्यापाशी, राजकुमार आणि आमचे शेजारी बिसेन काका लोकांना वेगळंच काही सांगत होते आणि लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. घरी जाताना एका पाहुण्याने मला विचारलं, "सर, वहिनी विमान बनवायच्या म्हणतात, खरं का?"

खरं आहे. म्हणून लिहून ठेवतो.

*

मुलगा कुणाल नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. धूळ पुसताना सुनंदाने तो सुरू केला. त्यात एक गेम होता. सुटे भाग जोडून यान बनवायचं, त्यात बुटकी बुटकी माणसं बसवायची आणि अंतराळात पाठवायचं. एका रविवारी दुपारी तिने कुणालला फोन लावला.

"तुझं विमान पाडलं आम्ही."

"आई, ते सगळ्यांचंच पडतं."

"मग चढतं कुणाचं?"

कुणालने समजावून सांगितलं. रॉकेट सोपं असतं, पण ते वर जाताना रिकाम्या टाक्या टाकत जातं आणि शेवटी नुसतं टोक परत येतं. स्पेसप्लेन मात्र विमानासारखं धावपट्टीवरून उडतं, ग्रहाभोवती फेऱ्या मारतं आणि अख्खंच्या अख्खं धावपट्टीवर उतरतं. फार अवघड. त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

"मला तेच करायचं," सुनंदा म्हणाली. "सहलीला नेलेलं सगळं परत आलं पाहिजे. डबे, बाटल्या, पोरं. सगळं!"

*

पहिली पाच विमानं धावपट्टीवरच फुटली. सहावं उडालं, छान वर गेलं आणि अर्ध्या वाटेत कोलांटी मारून खाली आलं. सातव्याने तेच केलं, आठव्यानेही.

बिसेन काकांनी चाळीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलमध्ये फिटर म्हणून काढली. ते आमच्याकडे पेपर वाचायला यायचे. त्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनजवळ गेले.

"बाई, टाकी कोठं ठेवली?"

"पुढे."

"आन इंजिन?"

"मागे."

"मंग उलटंनच ना! टाकी भरली हाय तवरी तोंड जड. जसं तेल जळून राहिलं तसं तोंड हलकं होऊन राहिलं. मंग शेपटीच राहते जड."

त्यांनी घरी जाऊन पुठ्ठ्याचं विमान कापून आणलं, त्याला दोन ठिकाणी नटबोल्ट बांधले आणि दोऱ्याला टांगून दाखवलं. पुढचा बोल्ट काढला की विमान मागे कलायचं. सुनंदा वर्गात बसल्यासारखी बघत होती. टाकी मधोमध आली, आणि नववं विमान कोलांटी न मारता पडलं.

"काका, तुम्ही इंजिनिअर का नाही झालात?"

"इंजिनिअर मशीन बसवून घरी जाते," काका म्हणाले. "मंग चालवाले कोनी पायजे ना!"

*

आता विमान उलटत नव्हतं, पण एका उंचीनंतर दमून जायचं. वर हवा विरळ, त्यात इंजिन गुदमरतं. सुनंदा नाक उभं करून सरळ वर न्यायची, वेग मरायचा, विमान पानासारखं खाली.

शाळेतून येता येता जीपमध्ये तिने हे राजकुमारला सांगितलं असावं. पुढच्या रविवारी तो सरळ घरीच आला. चप्पल बाहेर काढली, दोन उड्डाणं बघितली आणि म्हणाला, "मॅडम, काऊन अशी चढवून राहिल्या?"

"कशी चढवू?"

"चढावाच्या आधी गाडी पळवून घ्या लागते. चढावावर मांगून कोन देते स्पीड?"

तिने तसंच केलं. थोडं वर जाऊन नाक खाली केलं आणि विमान नुसतं पळवत राहिली. वेगाचा आकडा वाढत गेला. मग हळूच नाक वर, जेट बंद, हवेशिवाय चालणारं रॉकेट इंजिन चालू. स्क्रीनवरचं निळं आकाश जांभळं झालं, मग काळं. दुपारचे तीन वाजले होते आणि आमच्या बैठकीत चांदण्या दिसत होत्या. विमान पडत नव्हतं. ग्रहाभोवती फिरत होतं.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मला तिचा किती अभिमान वाटला ते मी तेव्हा सांगितलं नाही. चहा ठेवायला आत गेलो.

कुणालचा विश्वासच बसेना. "आई, फोटो पाठव." तिने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. त्यात विमानाकडे दाखवणारं काकांचं जाड बोट आलं होतं.

"विमान भारी आहे. पण हे बोट कुणाचं?"

"डिझायनरचं!"

*

वर जाणं झालं. परत येणं राहिलं होतं. दोन विमानं हवेत घुसताना जळाली. तिसऱ्या वेळी तिने नाक वर धरून, पोटाने हवा अडवत, विमान खाली आणलं. धावपट्टी दिसली. समोर, अगदी सरळ. आम्ही चौघं श्वास धरून. विमान जमिनीला टेकणार तेवढ्यात काका ओरडले, "बाई, चाकं!"

चाकं पोटातच होती. विमान धावपट्टीवर पोटावर घसरत गेलं, ठिणग्या उडाल्या, एक पंख गेला आणि अगदी टोकाला थांबलं. आतला पायलट जिवंत!

"ब्रेक तं मस्त लागला जी!" राजकुमार म्हणाला.

त्या दिवशी मला नेमणूक मिळाली. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा इथे उपयोग काय, असं तिघंही म्हणायचे. सुनंदाने मला एक यादी दिली आणि उतरण्याआधी ती मोठ्याने वाचायला सांगितली.

"चाकं?"

"हजर."

"ब्रेक?"

"हजर."

"इंधन?"

"आजारी आहे, पण हजर!"

पुढच्याच रविवारी विमान दोन्ही पंखांसह, चाकांवर उतरलं. काहीही न टाकता गेलं, काहीही न टाकता आलं. कुणालने पुण्याला त्याच्या मित्रांना सांगितलं. त्यांच्यापैकी एकाने विचारलं म्हणे, "आंटी कोणत्या कंपनीत आहेत?"

*

मग राजकुमारने चालवायला मागितलं. तो हक्काने बोलला आणि त्याचा हक्क होताच. सुनंदाने मागे आठ सीटांचा डबा जोडलेलं नवं विमान त्याला दिलं. त्याने पुढे ड्रायव्हर बसवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय झालं? निघ ना."

"मॅडम, सीटा खाली हायेत."

"अरे, ट्रायल आहे."

"खाली गाडी कायले न्याची?"

मी म्हणालो, "राजकुमार, हे लोक जाणार कुठे?"

"सर, चिचगडच्या स्टँडवर मी इचारतो का, तू कायले चालला म्हनून?"

आठही सवाऱ्या भरल्या तेव्हाच गाडी निघाली. चालवली मात्र त्याने अशी, की सुनंदाच्या तोंडून 'वा' निघून गेलं. एकही धक्का नाही. आकाश काळं झालं, विमान फिरायला लागलं, आणि इंजिन बंद पडलं. आठ माणसांचं वजन कुणी धरलंच नव्हतं.

"मॅडम, तेल सरलं."

"वर पंप नाही, राजकुमार."

काका अस्वस्थ झाले. "उपाशी मरतीन ना हे!"

कुणालने फोनवरून धीर दिला. या गेममधल्या लोकांना भूक लागत नाही.

"भूक लागत नाही म्हणून वर ठेवायचं?" सुनंदा म्हणाली.

"मग आई, सोपं आहे. जुनं सेव्ह उघड. उड्डाणाच्या आधीचं. हे घडलंच नाही असं होऊन जाईल."

तिने माउस बाजूला सारला. मग म्हणाली, "घडलेलं खोडायचं नाही. आपण नेलंय, आपण आणू."

*

हे तिने वर्गातही सांगितलं. पोरांना एका यानाजवळ दुसरं यान कसं नेतात ते वेग आणि वेळेच्या गणितातून शिकवलं. दर सोमवारी सहावीची पोरं दारातच विचारायची, "बाई, आले का खाली?"

त्यातच शाळेची तपासणी निघाली. साहेब सहावीत आले. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "विज्ञानात सध्या काय चाललंय?"

मुलगी उभी राहिली. "सर, आमच्या बाईचे आठ लोक वर अडकले हायेत."

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांना यातलं अक्षर माहीत नव्हतं, पण नोकरीत तीस वर्षं झालेली.

"सर," ते म्हणाले, "पाठपुरावा चालू आहे!"

*

पाठपुरावा पाच रविवार चालला. काकांनी विमानातले अनावश्यक भाग काढायला लावले. "जाडा पत्रा भेवाड मानूस लावते," म्हणाले. सुनंदाने पंख छोटे केले, वहीत इंधनाची गणितं मांडली, मागे आठ सीटांचा रिकामा डबा जोडला. या वेळी राजकुमारने रिकाम्या गाडीबद्दल तक्रार केली नाही. "आनाले चाललो ना," तो म्हणाला.

सहाव्या रविवारी ती अडकलेल्या विमानाच्या इतकी जवळ गेली की स्क्रीनवर दोन्ही विमानं मावेनात. मग एकेक सवारी बाहेर काढायची आणि तरंगत या विमानात आणायची. एक माणूस दूर वाहत जायला लागला तेव्हा काका खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. सुनंदाने त्याला परत आणलं. एक एक करत आठही आत बसले. डबा भरला. राजकुमारने सवयीने मांडीवर थाप मारली. "चला!"

मी यादी वाचली. तिने विमान उतरवलं. चाकांवर, धावपट्टीच्या बरोबर मधोमध. तेवीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी खूश क्वचितच बघितली असेल. काकांनी चिवड्याचा डबा उघडला. मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, "सुनंदा, मानलं तुला." ती लाजली आणि म्हणाली, "अहो, आधी मोजू तर द्या." आणि खरंच बोट लावून मोजले. आठ!

कुणाल फोनवर होता. त्यालाही आनंद झाला होता. मग त्याने विचारलं, "आई, नऊ ना?"

"आठ. आठच नेले होते."

"आणि त्या विमानाचा पायलट?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. पाच आठवडे शाळेतली पोरं, काका, मी, वहीतली गणितं, सगळे आठ म्हणत होतो. शेवटी राजकुमारच बोलला, अगदी खरेपणाने.

"ड्रायव्हरले कोन मोजते जी?"

काका हसायला लागले आणि त्यांना ठसका लागला. सुनंदा डोळ्याला पदर लावून हसत होती. हसणं थांबलं की राजकुमारकडे बघायची आणि पुन्हा सुरू. मग तिने कॉम्प्युटर बंद केला, वही मिटली आणि म्हणाली, "राजकुमार, तुझ्या माणसाला सांग, पुढच्या रविवारी येते."

त्यानंतरचा गुरुवार मी वर लिहिला आहे.

राजकुमार अजूनही रविवारी येतो. काका येतात. तिघंही चहा घेतो. त्या ड्रायव्हरला आणायला आम्ही अजून गेलेलो नाही.