दुसऱ्याच्या परीक्षेत पडणारा माणूस

क्लासमध्ये त्यांना सगळे फ्रिजवाले म्हणत. दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी इथे येऊन पडायचं, हा त्यांचा दिनक्रम. आयकिडो म्हणजे समोरच्याचं मनगट पिरगाळून त्याला गादीवर लोळवायची जपानी विद्या. तिच्या परीक्षेत गुण मिळतात ते फेकणाऱ्याला. पडणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. आणि फ्रिजवाल्यांसारखं पडणारा दुसरा नव्हता. मनगटाला नुसता हात लागायचा अवकाश, गडी हवेत गोल फिरून धप्पकन खाली! बघणाऱ्याला वाटावं, काय जबरदस्त फेकलं! त्यामुळे ज्याची परीक्षा असेल तो आधी त्यांच्या मागे लागायचा. काल आलेली पोरंटोरं एकेक पट्टा बदलत त्यांच्यासमोर काळ्या पट्ट्यापर्यंत पोचली. ते स्वतः मात्र तपकिरी पट्ट्यावर, काळ्याच्या अलीकडच्या पायरीवर, कधीचे अडकून पडले होते.

"तुम्ही तिथे शिकायला जाता की आपटून घ्यायला?" पाठीला मलम चोळताना बायको विचारायची.

"या खेपेला नक्की होणार," ते उशीत तोंड खुपसून म्हणायचे.

या खेपेला त्यांच्यासाठी पडायला आले औषधाच्या दुकानाचे मालक. फ्रिजवाल्यांनी झकास मनगट वळवलं. मालकांनी आधी मागे वळून गादी पाहिली, एक हात टेकला, मग दुसरा, आणि बाकावर बसावं तसे सावकाश खाली बसले. फ्रिजवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फेकीत दम नाही," सर म्हणाले. "पुढच्या वेळी बघू. आता इथेच थांबा, बँकवाल्याची परीक्षा आहे. त्याच्यासाठी पडा."

पडा! नापास करून वर पुन्हा पडा!

बँकवाल्याने मनगट धरून वळवलं. खांदा सवयीने खाली निघालाच होता, फ्रिजवाल्यांनी तो आवरला. ते जागचे हलले नाहीत. बँकवाल्याने आणखी जोर लावला.

"अहो काका, पडा ना," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पाड की मग."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. सर तडक उठून आले. "हो बाजूला. असं करतात ते," म्हणत त्यांनी स्वतःच फ्रिजवाल्यांचं मनगट धरलं.

सरांशी कसली आलीय अडवाअडवी! फ्रिजवाल्यांनी अंग सैल सोडलं. फक्त आपणहून उडी मारायची नाही, एवढंच ठरवलं. सरांनी मनगट पिरगाळलं. फ्रिजवाले वाट पाहत उभे राहिले. सरांनी पुन्हा पिरगाळलं, दातओठ खाऊन. तरी काहीच होईना. फ्रिजवाल्यांना पडायचं होतं, अगदी मनापासून पडायचं होतं. काळा पट्टा याच माणसाच्या हातून घ्यायला त्यांनी इतकी वर्षं अंग मोडून घेतलं होतं.

"सर, जरा नीट धरा ना," ते काकुळतीला येऊन म्हणाले.