आईच्या हाताचं वजन

सेलूतल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी काम करतो. कापसाची गाडी भरून आली की एकदा वजन, रिकामी होऊन निघाली की पुन्हा एकदा, मग वजाबाकी. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे मार्चमध्ये घरातली इन्व्हर्टरची बॅटरी हलवायची वेळ आली तेव्हा मी आधी तिच्यावरचा आकडा वाचला. चौपन्न किलो. दोन हात, म्हणजे एका हाताला सत्तावीस. सत्तावीस किलो मला जड नाही.

बायको म्हणाली, “शेजाऱ्यांना हाक मारू का?”

मी तिला भागाकार सांगितला.

बॅटरीला दोन्ही बाजूंनी दोरीच्या मुठी होत्या. फूटभर उचलली आणि डावीकडची मूठ निसटली. चौपन्नच्या चौपन्न किलो उजव्या हातावर आले. दंडात आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. बॅटरी तिथेच सोडून द्यायची, तर ती फरशीवर आपटू नये म्हणून मी तशीच धरून हळूहळू खाली टेकवली. फरशी वाचली.

“दिवसभर काटा पाहता,” बायको बर्फ शोधत म्हणाली, “आणि घरातलं वजन तेवढं कळत नाही.”

परभणीला जाऊन दाखवलं. स्नायू तुटला नव्हता, ताणला गेला होता. तीन आठवडे उजव्या हाताने काही उचलायचं नाही, त्यानंतर थोडा थोडा व्यायाम. मला त्यात फारसं काही वाटलं नाही. काट्यावर बटणं दाबायची असतात, ती डाव्या हातानेही दाबता येतात. उजव्या हाताचं खरं काम कोणतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लक्षात आलं.

आम्ही लिंगायत. आईचं वय एकोणऐंशी. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, पाणी, भस्म, बेल वाहायचा आणि मग त्याच्याकडे एकटक पाहत बसायचं, ही तिची रोजची पूजा. ती झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या हाताला कंप सुरू झाला. लिंग हातातून पडलं तर, ही तिची भीती. तेव्हापासून पूजेच्या वेळी मी तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि माझा उजवा हात तिच्या हाताखाली धरतो. वीस मिनिटं. तेवढा वेळ आम्ही काही बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर दिवसातली ती वीस मिनिटं मला सगळ्यात जास्त आवडतात.

त्या सकाळी मी नेहमीसारखा हात धरला. दोन मिनिटांत दंडातून कळ आली. आई लिंगावरची नजर न हलवता म्हणाली, “आज कोन थरथरायलंय? मी का तू?”

“तूच.”

“माझी थरथर मला वळखू येती. काढ हात.”

मग आम्ही बरंच काही करून पाहिलं. उशी ठेवली, तर तिच्या हाताबरोबर उशीही हलायची. लाकडी पाट तिच्या कोपराला टोचला. डावा हात द्यावा तर मला तिच्या समोर बसावं लागे. एक दिवस तसा बसलो. ती म्हणाली, “तुजं तोंड बघू का लिंग बघू?”

बायको बोरीच्या शाळेत शिकवते आणि सातला घर सोडते. ती दोन दिवस पहाटे साडेपाचला आईजवळ बसली. तिसऱ्या दिवशी आईनेच नको म्हटलं. “हात चांगला हाय गं तुजा. पन त्याला घाई हाय.” बायकोला वाईट वाटलं नाही. ती हसली आणि म्हणाली, “आई, घाई आहे खरी. सहाला कुकर लावायचा असतो.”

शेवटी आई एकटीच पूजा करू लागली. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. पाणी, भस्म, बेल, आणि लगेच लिंग परत गळ्यात. पाहत बसणं उरलंच नव्हतं. चहा घेताना मी विचारलं तर म्हणाली, “झाली की पूजा.” पण दुपारी अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची. मला दंडाचं दुखणं सोसत होतं. ती चार मिनिटं सोसवत नव्हती.

तीन आठवडे झाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना मी विचारलं, “पुन्हा वीस मिनिटं हात धरता यायला किती दिवस?”

“किती वजन धरायचंय, काका?”

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं रोज धरलेली वस्तू, आणि तिचं वजन मी कधी घेतलं नव्हतं. घरी आलो, स्वयंपाकघरातला लहान काटा आईपुढे ठेवला, वर एक रुमाल घातला आणि म्हटलं, “हात ठेव. ढिला सोड.”

“हे काय करायलास?”

“वजन.”

“आता कापसागत मला बी तोल,” ती म्हणाली, पण हात ठेवला. आकडा हलत राहिला, कंपामुळे. तीनदा घेतला आणि सरासरी काढली. रुमाल वजा जाता एक किलो दोनशे ग्रॅम. एवढंच? चौपन्न किलोच्या गर्वाने मी एक किलो दोनशे ग्रॅम गमावून बसलो होतो.

मॅडमनी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी रिकामा हात, मग पाव किलो, मग अर्धा, दुखलं तर एक पायरी मागे. मी पाण्याच्या बाटल्या भरल्या, प्रत्येकीतून रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून. बायकोने ते पाहिलं आणि नुसते हात जोडले.

बाटली तळहातावर घेऊन हात छातीसमोर धरायचा आणि वीस अंक मोजायचे, असं दहा वेळा. मोजायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. खाटेवर बसून ती मोठ्याने मोजायची. अर्ध्या किलोच्या आठवड्यात एकदा माझा चेहरा वाकडा झाला असावा. ती म्हणाली, “बारा, तेरा, सोळा...”

“आई, चौदा-पंधरा राहिले.”

“म्हनले की मनात.”

“मनात नाही चालत.”

“मग पुन्हा म्हन्ते. सोळा, एकोनीस, वीस. ठेव खाली, लय झालं.”

मी चौदा, पंधरा, सतरा आणि अठरा हे अंक नंतर एकटाच मोजून पुरे करायचो. तिला ते माहीत असावं, कारण पुढच्या वेळी ती आधीपासूनच जास्त अंक गाळायची.

सातव्या आठवड्यात एक किलो दोनशेची बाटली न दुखता धरता आली, आधी पाच मिनिटं, मग वीस. मॅडम हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी आईच्या डाव्या बाजूला बसलो आणि हात पुढे केला. तिने आपला हात त्यावर ठेवला.

मला लगेच कळलं. हे एक किलो दोनशे नव्हतं. फार तर तीनशे ग्रॅम. बाकीचा भार ती स्वतःच उचलून होती, आणि त्या जोराने तिचा हात आणखीच थरथरत होता.

“आई, भार टाक.”

“टाकलाय की.”

“नाही टाकला.”

“तू वजन बघ तुज्या काट्यावर. हितं पूजा चालूय.”

पूजा सात मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशीही तेच. तिचं लक्ष लिंगाकडे नव्हतं, माझ्या दंडाकडे होतं. मी काही बोललो नाही. माझ्या बोलण्याने तिचा हात आणखी हलका झाला असता.

पाचव्या दिवशी तिने बेलाचं पान वाहिलं आणि बसली. बाहेर दूधवाल्याची गाडी थांबली, घंटा वाजली, गाडी पुढे गेली. मी भिंतीकडे पाहत होतो. तेवढ्यात माझ्या तळहातावर तिचा हात हळूहळू जड होत गेला. पाचशे, आठशे, हजार. मग सगळाच. मी तिच्याकडे पाहिलं. ती पापणी न हलवता लिंगाकडे पाहत होती. बेलाचं पान जवळजवळ स्थिर होतं. ती मला विसरली होती.

दंड थोडा दुखत होता. मी हात तसाच ठेवला आणि त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं नाही.