रेवाच्या खोलीतला उकाडा

‘बाबा, काका गेला.’ रेवाचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंगला निघालो होतो. माझी मुलगी माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलते. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. हे वाक्य मात्र ती मराठीत बोलली, तिच्या मावशीच्या घरात बोलतात तसं. अविनाशराव, माझे साडू, सकाळी जुरोंग आयलंडच्या रिफायनरीकडे जाणारी कंपनीची बस पकडायला बूट घालत होते आणि तिथेच कोसळले. परीक्षेच्या अभ्यासासाठी रेवा आदल्या दिवसापासून त्यांच्याकडेच होती. अ‍ॅम्ब्युलन्स तिने बोलावली, मावशीला तिने सावरलं, मग मला कळवलं. माणूस गेल्याचं ऐकल्यावर मनात आधी काय यावं?… माझ्या मनात आलं, शेवटीसुद्धा ती त्यांच्याच जवळ होती. दुःख मागून आलं, पुष्कळ आलं. पण पहिला नंबर हेव्याचा. शोकसभेत मी हात जोडून चार वाक्यं बोललो. ती खोटी नव्हती, पण पुरीही नव्हती. उरलेलं इथे लिहितो.

साडू हे नातंच तुलनेचं. सासूबाई पुण्याहून यायच्या तेव्हा त्यांच्या तोंडी सतत ‘थोरले जावई’. थोरल्यांनी मिक्सर दुरुस्त केला, थोरल्यांना गवारीची भाजी आवडते. मी धाकटा, मला काय आवडतं ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. अविनाशराव आणि रेवाची मावशी नंदाताई क्लेमेंटीच्या साध्या एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये राहायचे. मूलबाळ नव्हतं. आम्ही मात्र नागरिकत्व घेऊन, बरीच वर्षं मनाला मुरड घालून, कौलारू छपराचं जुनं टेरेस हाऊस, रांगेतलं स्वतंत्र घर, घेतलं. या शहरात डोक्यावर स्वतःचं छप्पर, म्हणजे खरोखरचं कौलांचं छप्पर, किती जणांना मिळतं? वाटलं, चला, तुलना संपली.

ती वास्तुशांतीच्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. पाहुणे खाली जेवत होते आणि अविनाशराव दिसेनात. ते वर होते, रेवाच्या खोलीत, खुर्चीवर चढून छताला तळहात लावून उभे. रिफायनरीतल्या तापलेल्या पाइपांभोवती उष्णता अडवणारं आवरण असतं; ते कुठे निकामी झालं आणि कधी बदलायचं हे ठरवणं हीच त्यांची नोकरी. मला बघून म्हणाले, ‘काय धाकटे जावई, दिवेलागण झाली तरी तुमच्या छताची अजून दुपार सरलेली नाही.’ मागून वर आलेले सगळे हसले. रेवा तेव्हा शाळकरी होती, ती सगळ्यात जास्त हसली. ‘कौलांखाली काचेच्या लोकरीचा थर असणार. जुना झालाय, दबलाय. बदलून घ्या.’ मी म्हणालो, ‘बघू.’ मनात म्हणालो, स्वतःला छप्पर नाही, निघाले दुसऱ्याचं तपासायला.

खोली तापायची हे खरंच होतं. संध्याकाळी कितीही वारा सुटो, तिथे भट्टीच. रेवा अभ्यासाला खाली बसू लागली, मग लायब्ररीत, आणि मग एक दिवस मावशीकडे. तिथून येताना ती वेगळीच असायची. काकाने वाफेचं गणित कसं समजावलं, पुलाउ उबीन बेटावर सायकलीवरून काका कसा पडला आणि वर ‘रस्ता तपासत होतो’ म्हणाला… हे सगळं ती आईला सांगायची, माझ्यासमोर, मला नाही. बायकोला, शुभदाला मी एकदा म्हटलं, ‘हिला घर नाहीये का?’ ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘घर आहे. वर झोपून बघा एकदा.’

मी छत बदललं नाही. एसी बदलला. खोलीच्या मानाने थोरलाच, दणकट. माझं गणित सरळ होतं. साडूंच्या सांगण्यावरून खोली गार झाली असती, तर मुलीला घरी आणली कोणी? त्यांनी. मला ती माझ्यामुळे परत यायला हवी होती. आणि आली की! काही महिने ती वर झोपली. मी मुद्दाम एसीचा रिमोट फडताळातून काढून तिच्या उशाशी ठेवायचो, एखाद्याने फुलं ठेवावीत तसा. मग खोली पुन्हा तापायला लागली, एसी चालू असतानाही. दमट, कुबट वास यायला लागला आणि छतावर पिवळट डाग उमटला. ‘टू हॉट ला, बाबा,’ म्हणत रेवाने उशी उचलली.

दिवाळीच्या फराळाला दोघं येणार म्हणून मी त्या डागावर रंग मारला. अविनाशरावांनी रेवाच्या खोलीच्या दारातूनच नाक वर केलं. ‘एवढाच चौकोन नवा कसा हो?’ मी काही म्हणायच्या आत शिडी लावून, नवा कुर्ता घातलेला माणूस छताच्या झडपेतून वर गेला. खाली आले ते मुठीत करड्या लोकरीचा गोळा घेऊन. तो त्यांनी बेसिनवर पिळला आणि पाण्याची धार लागली.

‘हे बघा. कोरडी असते तेव्हा हिच्यात हवा अडकलेली असते. ऊन अडवते ती हवा, लोकर नव्हे. भिजली की हवा गेली, मग उरलं नुसतं ओलं फडकं. नुसती दबलेली असती तर वर आणखी एक थर घालून भागलं असतं. ही काढायलाच हवी.’ मग हळूच विचारलं, ‘मोठा एसी लावलात?’

‘हो.’

‘त्याची नळी वरून गेलीय. तिच्यावरचं आवरण फाटलंय. गार नळीला घाम येतो, तो सगळा हिच्यात. जेवढा एसी जास्त, तेवढी ही ओली.’

रेवा माझ्याकडे बघत होती. माझ्या हेव्याचं पाणी बेसिनमधून वाहत होतं, सगळ्यांसमोर. ‘बघतो,’ म्हणालो. काचेच्या लोकरीने अविनाशरावांचे हात भयंकर खाजत होते. चकली खाताखाता ते कोपरापर्यंत खाजवत होते आणि रेवा त्यांना खोबरेल तेल लावून देत होती. मला तेवढंच दिसत होतं. त्यानंतरही मी काही केलं नाही. एसी वापरणं बंद केलं आणि खोलीचं दार लावून टाकलं.

त्यांच्याशी शेवटचं निवांत बोलणं झालं ते त्यांच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी. त्यांनीच बोलावलं होतं. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप फिरवत म्हणाले, ‘छत बदल रे.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला ‘तू’ म्हणाले.

‘तिला तुमच्याकडेच बरं वाटतं,’ मी म्हणालो.

‘वाटतं. आणि मलाही वाटतं. संध्याकाळी बसमधून उतरलो की वर खिडकीत तिचा दिवा दिसतो का बघतो. ही सवय काही बरी नाही. परक्याच्या दिव्याची.’ मग म्हणाले, ‘नंदा जे वाढेल ते ती मुकाट्याने खाते. तुमच्याकडे खाते?’

‘छे. हे नको, ते नको.’

‘बघ. नको म्हणायला आपलं घर लागतं. त्याचा मला हेवा वाटतो तुझा.’

म्हणायला हवं होतं, अविनाशराव, मीसुद्धा… पण मी उठून कप ठेवायला गेलो. परत आलो तेव्हा ते विषय बदलून कंपनीच्या बसचा नवा ड्रायव्हर कशी वळणं घेतो ते सांगायला लागले होते.

अविनाशरावांचे दिवस झाल्यावर मी छताच्या कामाला माणसं बोलावली. कुजकी लोकर पोती भरभरून खाली आली. नळीवर नवं आवरण चढलं, ते कोरडं राहतंय ना ते बघितलं, मग नवा थर अंथरला. रेवा मावशीच्या सोबतीला तिकडेच राहत होती. मागच्या रविवारी तिला म्हटलं, जरा येऊन बघ. ती वर आली. भर दुपार, एसी बंद. खुर्चीवर चढून तिने छताला तळहात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

‘आधी का नाही केलंस, बाबा?’

‘मला त्यांचा हेवा वाटायचा.’ म्हणून टाकलं एकदाचं. ‘त्यांचं ऐकलं असतं, तर तू त्यांच्यामुळे घरी आली असतीस.’

ती खाली उतरली. वाटलं, आता रडेल नाहीतर निघून जाईल. ‘यू आर सो स्टुपिड, बाबा,’ ती म्हणाली. ‘काकाला माहीत होतं. मी म्हटलं होतं, आपणच माणसं बोलावू या. तर म्हणाला, नको, बाबाचं घर आहे, बाबाच करेल. वाट बघ.’

वाट बघ. मी तर तेही केलं नाही, नुसता जळत बसलो. ते मात्र माझी वाट बघत राहिले, आणि तिलाही बघायला लावली.

रेवा पलंगावर आडवी झाली, संध्याकाळी मावशीकडे परत जायचंय म्हणाली, आणि म्हणता म्हणता झोपली. मी बाहेर जिन्यावर बसलो. वर कौलं तापून फुटतील असं ऊन होतं आणि खोलीत ते उतरत नव्हतं. ही झोप तिला मी दिली म्हणावं, तर ते खरं नाही. मला अजूनही हेवा वाटतो त्यांचा, कमी झालेला नाही… थोड्या वेळाने शुभदा खालून हाक मारत आली, ‘अहो, चहा झालाय, तिलाही उठवा.’ मी ओठांवर बोट ठेवलं आणि दार हलकेच ओढून घेतलं.