मागच्या कोपऱ्यातला ढ विद्यार्थी

गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सुरतच्या लिंबायत भागात वीज गेली. आमच्या शिकवणीच्या खोलीखालचे लूम बंद पडले, पाढे म्हणणारी मुलं थांबली... आणि मागच्या कोपऱ्यातून एक पुरुषी आवाज सतराचा पाढा म्हणत राहिला. कोपऱ्यात कोणी नव्हतं. पाढाही चुकीचा होता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. नोकरीची सगळी वर्षं मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. या सदरातले अनुभवही आजवर वाचले ते विसंगती शोधत. म्हणून स्वतः ऐकलं ते माझ्या नावावर लिहिते. बाकीचं कुणाच्या हवाल्याने, ते सांगून.

जागा अशी : खाली हसमुखभाईंचं खातं, म्हणजे कापड विणणाऱ्या लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. वर पत्र्याची एक खोली — एक दार, एक खिडकी, सतरंजी, फळा. शाळा सुटल्यावर अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना मी तिथे शिकवते. फी नाही. हसमुखभाई भाडं घेत नाहीत. बहुतेक मुलं धुळे-नंदुरबारकडच्या लूम कारागिरांची. खालच्या खडखडाटात मला ओरडून शिकवावं लागतं. मुलांना मात्र त्यातही सगळं ऐकू येतं. ती त्या आवाजातच वाढली आहेत.

त्या शुक्रवारी आवाज म्हणाला, "सतरा साते एकशे सतरा. सतरा आठे एकशे चौतीस."

मी दार उघडून जिना पाहिला. रिकामा. मुलांचे मोबाइल तपासले. खिडकीखाली कोणी नव्हतं. मुलं शांत बसून होती.

"ताई, तो रोज असतो," दहावीतली वैशाली म्हणाली. "लूम चालू असले की तुम्हाला ऐकू येत नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, क्लासचाच आहे."

"दिसतो का?"

"दिसत नाही. ढ आहे ना, लाजत असेल."

एवढं बोलून ती कोपऱ्याकडे वळली. "ओ... एकशे एकोणीस. परत म्हणा."

आवाज थांबला. मग पहिल्यापासून सुरू झाला — सतरा एके सतरा. तेवढ्यात वीज आली.

मी सांगितल्यावर हसमुखभाईंनी स्वतः वर येऊन कोपरा पाहिला, भिंत ठोकली. "बेन, अहीं तो कोई नथी," ते म्हणाले. मग मराठीत, "भाडं नाही ना घेत आपण. म्हणून कोण पण येऊन बसते."

इथे वैशालीबद्दल सांगायला हवं. प्रिलिममध्ये ती गणितात नापास होती. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. उत्तर विचारलं की पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरायची. त्या शुक्रवारनंतर ती कोपऱ्याकडे तोंड करून बसू लागली आणि त्याला शिकवू लागली. पाढे झाले, मग समीकरणं. मला लूमशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ती मोठ्याने बोलायची, तेवढं कळायचं. "अहो, बाजू बदलली की चिन्ह बदलायचं. किती वेळा सांगू? लक्ष कुठंय?" ही वाक्यं मी तिला वर्षभर ऐकवत आले होते.

तिला विचारलं, भीती नाही वाटत?

"कशाची? माझ्यापेक्षा कच्चा आहे तो," ती म्हणाली. "मी घरून गणितं करून नाही आले, तर तो तसाच कच्चा राहील."

बातमी तिच्या घरी पोचली. वडील, तुळशीरामभाऊ, शिंदखेड्याकडचे, दुसऱ्या एका खात्यात कारागीर. पाळी संपवून ते थेट वर आले.

"ताई, पोर भूतले शिकाडी ऱ्हायनी म्हने?"

मी म्हटलं, ती अभ्यास करते आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

"बोर्डमा नापास व्हयनी ते साडीस्ना टिक्या लावाले बसाडसू. आते तं आजच घरी लई जास." साड्यांना टिकल्या चिकटवणं हे आमच्या वस्तीतल्या बायका-मुलींचं घरबसल्या मजुरीचं काम.

वैशाली उठली नाही. "आप्पा, आधी ऐका. मग न्या."

ऐकायचं तर लूम बंद करायला हवे होते. हसमुखभाईंकडे मी एका मिनिटाची विनंती केली. त्यांनी कपाळाला हात लावला. "बेन, तुमचं भूत मला महाग पडते हं." पण त्यांनी मेन स्विच पाडला.

खाली शांतता झाली. कोपऱ्यातून आवाज आला, "दोन एक्स अधिक पाच बरोबर अकरा. दोन एक्स बरोबर सोळा."

"चिन्ह," वैशाली म्हणाली.

मग — "सहा. एक्स बरोबर तीन."

"हं. आता बरोबर."

खालून हसमुखभाईंनी विचारलं, "झालं का?" लूम सुरू झाले. तुळशीरामभाऊंनी दारात चपला घातल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मालेबी सतराना पाढा येस नही." मुलीला घेऊन गेले नाहीत. बोर्डापर्यंत येऊ देतो, म्हणाले. टिक्यांचं मात्र तसंच ठेवलं.

आवाज मी स्वतः ऐकला तो या दोन प्रसंगी. बाकीचं वैशालीच्या आणि वर्गातल्या मुलांच्या हवाल्याने. माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरने पत्र्याच्या कंपनाचं कारण सुचवलं. पत्रा समीकरण कसं सोडवतो, हे त्याला सांगता आलं नाही. या खोलीत किंवा खात्यात पूर्वी कोणी दगावल्याचं हसमुखभाईंना किंवा शेजाऱ्यांना माहीत नाही. आवाज कुणाचा, याचा खुलासा आजही माझ्याकडे नाही.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी वैशालीने कोपऱ्यात उजळणी घेतली आणि "आता तुमचं तुम्ही करा" म्हणून निघाली. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर आवाज आलेला नाही. पुढे एकदा वीज गेली तेव्हा मीही कान देऊन बसले होते. काही ऐकू आलं नाही.

वैशाली गणितासह सर्व विषयांत पास झाली. तिने अकरावी कॉमर्सला प्रवेश घेतला. फॉर्मवर सही करायला तुळशीरामभाऊ स्वतः गेले होते. आता ती शाळा सुटल्यावर आमच्याकडे सातवीच्या मुलांना गणित शिकवते. तिचा धाकटा भाऊ सातवीतच आहे, पण त्याला मी शिकवते. तो आपलं ऐकत नाही, असं वैशालीचं म्हणणं आहे.