सालगड्याचा पोळा

सटवाजी चारठाण्याजवळच्या एका खेड्यात माणिकरावांकडे सालगडी होता. सालगडी म्हणजे पाडव्याला जुंपला की पुढच्या पाडव्यालाच सुटणार. गडी झोपेचा असा भुकेला की औतामागं चालता चालता डोळा लागायचा. शेताच्या टोकाला बैल आपसूक वळायचे आणि हा सरळ बांधावर जाऊन आपटायचा. उन्हं तोंडावर येईपर्यंत एक दिवस निजावं, एवढीच त्याची जन्माची हौस.

त्याचा मेव्हणा भुजंग येलदरीला धरणावर मजूर. तो पारावर ऐट मारू लागला, "आमाला ऐतवारी सुट्टी असती, दाजी. आता गड्यांसाठीबी सरकार कानून करायलंय म्हनं."

"कवा?"

"इचार चालू हाय."

सटवाजीला तेवढं पुरलं. शनिवारी सांजच्याला तो मालकाला म्हणाला, "उद्या मी सुट्टीवर हाय. कानून यायलाय."

"येऊ तर दे! अन् सुट्टीत करशील काय रे?"

"काईच न्हाई."

माणिकरावांची बायको केवळाबाई तूर पाखडत होती. बाई देवभोळी, सरकारचा हुकूम आणि देवाचा हुकूम ती एकाच सुपात घ्यायची. "अवं, सरकारचं मोडू न्हाई," ती म्हणाली. पण राबणाऱ्याला सुट्टी द्यायची रीत तिला एकच ठाऊक होती. पोळा.

तिने हळद-तुपाची वाटी नवऱ्याच्या हातात दिली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे मळतात तसे माणिकरावांनी दात-ओठ खात गड्याचे खांदे मळले. केवळाबाईने हात जोडले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

सटवाजीला वाटलं, बेस हाय. पण कोंबडा आरवला तसा त्याला ओढत ओढ्यावर नेऊन घासून धुतला. पाठीवर झूल आली. शिंगं नव्हती म्हणून पटक्याला बेगड चिकटवली आणि वाजत-गाजत मारुतीला फेऱ्या सुरू झाल्या. सटवाजी उभ्याउभ्या पेंगत होता.

"मालकीणबाई, येसनबी घाला!" त्याची बायको कडूबाई गर्दीतून ओरडली. "लय मोकाट सुटलाय!"

दुपारी पुरणपोळी पोटात गेली, आता डोळा लागणार, तोच माणिकरावांची हाक आली, "सटव्या, बैलं तहानलीत!"

"पाप लागंल!" केवळाबाई आडवी आली. "पोळ्याच्या जिवाला कामाला लावत्यात व्हय? तुमी पाजा."

मग पाणी मालकानेच पाजलं, शेणही मालकानेच काढलं. सांजेला केवळाबाई खुशीत म्हणाली, "कानून दर ऐतवारचा हाय म्हनं. फुडल्या बारीला दोन वाजंत्री सांगू."

माणिकरावांनी कंबर धरत सटवाजीला गोठ्यामागं ओढलं. "बाबा, दर आठवड्याला मी तुझे खांदे मळू?"

"मालक, मला कुठं मिरवायचंय? मला निजायचंय."

"मंग नीज की! पर हिला दिसू नको."

पुढच्या रविवारी केवळाबाई झूल घेऊन गावभर फिरली. "अवं, सटवाजी कुठं गेला?"

"मला काय ठाव?" बैलांपुढं बादली ठेवत माणिकराव म्हणाले. कडब्याच्या गंजीमागून घोरणं वाढलं, तसे ते बिचाऱ्या बैलांवर उगीचच मोठमोठ्याने खेकसू लागले.