कुलपाचं चित्र

सपोर्टच्या फोनवर बसणाऱ्याला आराम कमी आणि किस्से जास्त मिळतात. गोंदियाच्या आमच्या छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं तो फोन उचलला. आता चार दोस्त जमले की एकातून दुसरा किस्सा निघतोच.

आमचं सॉफ्टवेअर ट्रक बुकिंगचं. ते ब्राऊझरमध्ये उघडत नसे. ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर टाकावं लागे आणि तिथून ते आमच्या सर्व्हरशी बोले. लिहिलं होतं आमच्या प्रोग्रामर वंदनाताईंनी. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र; त्यांचा प्रोग्राम दर वेळी ते तपासायचा, आणि त्यावरचं नाव किंवा तारीख जुळली नाही, की बोलणंच बंद करायचा. 'तरी पुढे जा' असं बटण त्यांनी ठेवलंच नव्हतं.

*

सालेकसाच्या एका बुकिंगवाल्याचा फोन. बाकी इंटरनेट चालून राहिलं, तुमचंच काऊन अडून राहिलं, म्हणे. मी तारीख विचारली. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहून अगदी बरोबर सांगितली! म्हटलं, भाऊ, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली सांगा. तिथे २००२ सुरू होतं. आतल्या घड्याळाचा सेल संपलेला, त्यामुळे त्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं आमचं सर्टिफिकेट अजून जन्मलंच नव्हतं.

"मंग त्यानं मले विचाराचं ना," तो म्हणाला, "मी तं इथंच बसून आहो."

*

कोहमाऱ्याचे कटरेकाका आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बँकेच्या साइटवर कुलूप दिसते, तुमच्यात काऊन नाही, यावर ते अडून बसले. तपासणी आतल्या आत होते, हे सांगून ताई थकल्या. शेवटी आमचे मालक बिसेन सर यांनी कोपऱ्यात कुलपाचं नुसतं चित्र लावायला लावलं. काका खूश.

पुढे मी तिकडे गेलो तर नेटची वायर उंदरानं कुरतडलेली, बुकिंग ठप्प, आणि काका निवांत चहा पीत बसलेले.

"होईल सुरू," म्हणाले, "कुलूप शाबूत आहे."

*

मग एकदा आमच्याच सर्टिफिकेटची मुदत संपली. नवं घ्यायचं कुणाच्या ध्यानातच नाही. सगळीकडे ट्रक उभे, माझा फोन तापलेला, काका तर सोडून जायच्या गोष्टी करू लागले. सरांनी ताईंना बोलावून सरळ सांगितलं, ती तपासणी काढून टाका, नाहीतर दुसरी नोकरी पाहा. मला ताईंचं फार वाईट वाटलं.

ताई भांडल्या नाहीत. तपासणी काढलेला प्रोग्राम त्यांनी दुपारी सरांच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि पहिलं लॉगिन सरांनाच करायला सांगितलं. झटक्यात चालू! कोपऱ्यात कुलूपही होतंच.

"देखो," सर आम्हा सगळ्यांना म्हणाले, "इतनी सी बात थी."

"सर, तुम्ही आपल्या सर्व्हरला लागलाच नाहीत," ताई म्हणाल्या. "माझ्या लॅपटॉपला लागलात. त्यानं सर्व्हरचं सोंग घेतलं, आणि ओळखपत्र विचारायला तपासणीच नव्हती."

त्यांनी लॅपटॉप फक्त सरांकडे वळवला. सरांनी टाइप केलेला पासवर्ड त्यावर जसाच्या तसा आला होता. सरांनी तो वाचला आणि कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात हिशेबाच्या टेबलावरून त्यांच्या मिसेस उठून आल्या. सरांनी लॅपटॉप खाडकन मिटला.

"तपासणी राहू द्या," ते हळूच म्हणाले. "कायमची."

"काय होतं हो त्यावर?" मॅडमनी विचारलं.

सरांनी ताईंकडे पाहिलं.

"काही नाही मॅडम," ताई म्हणाल्या, "कुलपाचं चित्र."